सांगलीत पोलिसांचा वायरलेस ऐकायला स्कॅनर घ्यावा का?

कृष्णाकाठ_सांगली | १४ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

मृग लागला आणि आमच्या घरात दरवर्षीचं सुरू झालं. आई खालच्या पेट्या एकेक करून वर हलवतेय. बाबा रोज सकाळी आयर्विन पुलावर जाऊन पाण्याची पट्टी बघून येतात. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांसारखं पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आम्ही गावभागात पहिल्या मजल्यावर अडकलो होतो. तीन रात्री. दुसऱ्या रात्री मोबाईलची रेंज गेली ती गेलीच. बाबांचं इन्सुलिन थर्मासात ठेवलं होतं, त्यातला बर्फ वितळून नुसतं कोमट पाणी राहिलं होतं. ट्रान्झिस्टरवर आकाशवाणी लागायची, पण तिच्यावर आमच्या गल्लीची बातमी कशी येणार?

त्या रात्रीची एक गोष्ट डोक्यातून जात नाही. गल्लीच्या तोंडाशी रबरी बोट आली. जवानाच्या खांद्याला वॉकीटॉकी होता. त्यातून खरखरत आवाज आला, "दोन वयस्कर, एक बाळंतीण, पहिला मजला, ओव्हर." बोट पुढे निघून गेली. कुणाबद्दल होतं, कुठल्या गल्लीतलं होतं, काही कळलं नाही. पण आईने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "आहे रे बाबा कुणीतरी जागं."

माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो. त्याच्याकडे युनिडेन बेअरकॅटचा हातातला स्कॅनर आहे. गावातली आग, अपघात, ॲम्ब्युलन्स, सगळं घरबसल्या ऐकतो. म्हणाला, येताना तुझ्यासाठी एक आणतो. पावसाळ्यात सांगलीत तो उपयोगी पडेल का? पोलीस आणि अग्निशमनच्या फ्रिक्वेन्सी कुठे मिळतात? आणि हे चालतं का आपल्याकडे? जाणकारांनी सांगावं.

---

हरिपूर_संगम | १४ जून, रात्री १०.०५

वाचतोय. आमच्याकडे तर वारणा आणि कृष्णा दोन्ही. मलाही हवंय.

---

अजिंक्यतारा | १४ जून, रात्री ११.२०

दादा, मी साताऱ्याचा. २२ वर्षं हॅम, म्हणजे परवाना घेतलेला हौशी रेडिओवाला आहे. आधी उत्तर सांगतो, मग कारण. मावसभावाला तो स्कॅनर आणू नका म्हणावं.

स्कॅनर म्हणजे फक्त ऐकणारा रेडिओ. तुम्ही भरलेली चॅनेलं तो एकामागून एक झरझर तपासत जातो. जिथे कुणी बोलत असेल तिथे थांबतो, बोलणं संपलं की पुढे जातो. कुणी बोलत नसताना नुसती खरखर ऐकू येऊ नये म्हणून स्क्वेल्च नावाचं एक दार असतं. सिग्नल ठराविक जोराचा आला तरच ते उघडतं. ते फार घट्ट लावलं तर लांबचा माणूस ऐकूच येत नाही आणि सैल सोडलं तर रात्रभर खरखर. तत्त्व एवढंच.

अमेरिकेत हे चालतं, कारण तिथे पोलीस आणि अग्निशमनचं उघडं बोलणं ऐकायला केंद्रीय कायद्याची आडकाठी नाही. पण तिथेही सगळं मोकळं नाही. न्यूयॉर्क राज्यात पोलिसांच्या लहरी पकडणारा संच परवानगीशिवाय गाडीत ठेवता येत नाही. परवानाधारक हॅमना तेवढी सूट आहे. न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांनी तर २०२३ पासून आपलं बोलणं सांकेतिक करायला घेतलं. मावसभावाला विचारा, त्याच्या गावातलीही काही चॅनेलं हल्ली मुकी झाली असतील. मोठ्या शहरांत पी-२५ नावाची डिजिटल पद्धत आहे आणि तिच्यावर ट्रंकिंग. म्हणजे चॅनेल ठरलेलं नसतं. दर वेळी संगणक मोकळी लहर शोधून देतो. साधा ॲनालॉग स्कॅनर तिथे दगडासारखा पडून राहतो.

आपल्याकडचा कायदा वेगळाच आहे. तो कोणी वकील नीट सांगेल तर बरं.

---

कोर्टरोड | १५ जून, सकाळी ८.१५

सांगतो. आपल्याकडे १८८५ च्या तार कायद्यापासून बिनतारी दळणवळण हा सरकारचा अधिकार मानला गेला आहे. इतरांनी ते परवान्याने करायचं. १९३३ चा भारतीय बिनतारी तार कायदा त्याच्याही पुढे गेला. त्याने परवान्याशिवाय असं उपकरण *जवळ बाळगायलाच* बंदी केली. वापरलं नाही, नुसतं कपाटात ठेवलं, हा बचाव तिथे चालत नाही. त्यानंतर आला २०२३ चा दूरसंचार कायदा. त्याच्या ४२ व्या कलमात बेकायदा संदेश अडवून ऐकण्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हे कलम जून २०२४ पासून लागू झालं.

पोलिसांचा संदेश तुम्हाला उद्देशून नसतो. तो मुद्दाम यंत्र लावून ऐकणं हा या कलमाच्या जवळ जाणारा प्रकार आहे. शिवाय विमानतळावर कस्टमने विचारलं तर मावसभावाने काय सांगायचं? फ्रिक्वेन्सी कुणाकडे असल्या तरी त्या इथे टाकू नयेत, ही सर्वांना विनंती.

---

तासगाव_द्राक्षबाग | १५ जून, सकाळी ११.३२

वकीलसाहेब, कायदा मान्य. पण मला एक पटत नाही. पोलीस आपल्या करावर चालतात, त्यांचे रेडिओ आपल्या पैशाचे, आणि पूर आला की आपल्यालाच काही कळत नाही. २०१९ ला आमचे पाहुणे पलूस तालुक्यात होते. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला बोट उलटली. ती बातमी आम्हाला कुठून कळली? दुपारनंतर, व्हॉट्सॲपवरून, आणि तीही पाच प्रकारची. कुणी म्हणे अमकं गाव, कुणी म्हणे तमकं. आमच्या घरच्या बायका चार तास रडत होत्या. त्या दिवशी खरं काय ते थेट ऐकता आलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? ऐकणारा माणूस चोर नसतो. मी मनापासून विचारतोय.

---

बिनतारी_१९८४ | १५ जून, दुपारी ४.५०

तासगावकर, प्रश्न रास्त आहे. तुमच्या घरच्या बायका रडल्या त्याबद्दल वाईट वाटलं. मी ऐकवणाऱ्या बाजूचा माणूस. ३१ वर्षं बिनतारी खात्यात काढली. कुठे ते सांगत नाही, पण कृष्णा आणि कोयना दोन्ही नद्यांच्या काठी नोकरी झाली. थोडं सविस्तर लिहितो.

आमच्याकडे संदेश असा जायचा. आधी समोरच्या स्टेशनला हाक. त्याने "पाठवा" म्हटलं की संदेश क्रमांक, कुणाकडून, कुणाला, वेळ, आणि मग मजकूर. मजकूर तुकड्यातुकड्याने. आकडा कधीच एकत्र म्हणायचा नाही, एकेक अंक सुटा. समोरचा सगळं लिहून घेणार आणि परत वाचून दाखवणार, म्हणजे रीड-बॅक. त्याने वाचलेलं बरोबर असेल तरच आपण "बरोबर" म्हणायचं. मग दोन्हीकडच्या वह्यांत वेळ पडायची. एवढं सगळं का? कारण हवेतून अंक गळतो नाहीतर वाढतो.

सांगतो कसा ते. पुष्कळ वर्षांपूर्वी एका गावात कुणीतरी परदेशातून रेडिओ आणला होता. त्यावर आमचं चॅनेल लागायचं. आम्हाला ठाऊक नव्हतं. पावसाळ्यात एका रात्री कोयनेच्या पायथा वीजगृहातून पाणी सोडण्याचा संदेश गेला. दोन-एक-शून्य-शून्य क्युसेक. २,१०० क्युसेक म्हणजे वीज तयार करून नदीत येणारं पाणी. दरवर्षी येतं. त्याने काठावरच्या माणसाला काही होत नाही. पण त्या घरात खरखरीत ऐकू आलं २१,०००. एक शून्य जास्त. अर्ध्या तासात गावात दवंडी पिटल्यासारखं झालं की धरण सोडलं. माणसं काळोखात गुरं घेऊन ओढा ओलांडायला लागली. ओढ्याला पाणी होतं. एका म्हातारीचा खुबा मोडला, एक बैलजोडी वाहून गेली. नदी मात्र सकाळी होती तिथेच होती. म्हातारीला जीपमध्ये घालून मीच दवाखान्यात नेलं. वाटभर ती विचारत होती, "धरण फुटलं का रं?"

त्या माणसाची दानत वाईट नव्हती. त्याने गावाला वाचवायलाच सांगितलं होतं. पण रीड-बॅक त्याच्याकडे नव्हता. "पुन्हा सांगा" म्हणायची सोयही त्याच्याकडे नव्हती.

आणखी एक. तुम्हाला वाटेल स्कॅनरवर पूर्ण बोलणं ऐकू येईल. तसं होत नाही. डोंगरावर रिपीटर, म्हणजे ऐकलेलं जोरात पुढे पाठवणारा संच असेल तर दोन्ही बाजू ऐकू येतात. पण गाडीतल्या संचावरून समोरासमोर बोलणं चाललं असेल तर जवळचा माणूस ऐकू येतो, लांबचा नाही. म्हणजे प्रश्न ऐकू येणार आणि उत्तर नाही. "तिथे किती बॉडी आहेत?" एवढं ऐकलंत आणि त्याचं उत्तर "एकही नाही, सगळे सुखरूप" हे ऐकलं नाही, तर तुमच्या घरात काय होईल विचार करा.

आणि नावं. महामार्गावरचा अपघात असला की नाव, गाव, वय, गाडीचा नंबर, सगळं वायरलेसवर जातं. बापाला पोराची बातमी घरी जाऊन, बसवून, पाणी देऊन सांगायची असते. मी तसं केलंय, चारदा. ती त्याने चौकात ऐकू नये.

आता बऱ्याच ठिकाणी डिजिटल संच आलेत, त्यामुळे ऐकू येणंही अवघड झालंय. पण मी तांत्रिक कारणासाठी नको म्हणत नाही.

सांगलीकर, शेवटचं तुम्हाला. त्या रात्री तुमच्याकडे स्कॅनर असता तर तुम्ही काय केलं असतं? ऐकलं असतं. पण बाबांचं इन्सुलिन संपत आलंय हे कुणाला सांगितलं असतं? स्कॅनरला बोलायचं बटण नसतं.

---

कृष्णाकाठ_सांगली | १५ जून, रात्री १०.१०

काका, हे वाचून थोडा वेळ फोन बाजूला ठेवला होता. बाबांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बरोबर बोलतोय तो माणूस." मावसभावाला मेसेज केलाय, आणू नको म्हणून.

मग करायचं काय? नुसतं बसून राहायचं का?

---

तासगाव_द्राक्षबाग | १५ जून, रात्री १०.४५

काका, माहिती वेळेवर मिळाली पाहिजे यावर मी अजून ठाम आहे. पण ती अशी चोरून नको, हे पटलं. म्हातारीचं वाचून पटलं.

---

अजिंक्यतारा | १६ जून, सकाळी ७.०५

काकांनी जे सांगितलं ते मला २२ वर्षांत एवढं नेमकं सांगता आलं नव्हतं.

करायचं ते असं. बोलायचं बटण कायद्याने हातात येतं ते हॅमच्या परवान्याने. वय १२ पूर्ण असलं की परीक्षेला बसता येतं. दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा परीक्षा घेते, आपल्या भागातल्यांना मुंबईला जावं लागतं. दोन दर्जे आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. रिस्ट्रिक्टेडला फक्त लेखी. थोडं विजेचं-रेडिओचं शास्त्र आणि थोडे नियम. जनरलला त्याशिवाय मोर्स, मिनिटाला ८ शब्द. मग पोलीस पडताळणी, मग परवाना आणि स्वतःचं हाकनाव. आपली हाकनावं व्हीयू २ किंवा व्हीयू ३ ने सुरू होतात. अभ्यासाला हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचं साहित्य चांगलं आहे.

पडताळणीला वेळ लागतो. या पावसाळ्यात परवाना हातात येणार नाही, पुढच्या येईल.

आपत्तीत याचा उपयोग काय, ते एका उदाहरणाने सांगतो. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरला होत्या. अंदमानातून हॅम रेडिओ चालवायची खास परवानगी काढून गेल्या होत्या. फोन बंद पडले आणि त्यांच्या संचावरून निरोप मुख्य भूमीला जायला लागले. हॉटेलातल्या टेबलावरचा संच आणि वर एक तार, एवढ्यावर.

एक नियम मात्र लक्षात ठेवा. एरवी हॅमला दुसऱ्याचा निरोप पोचवता येत नाही. आपत्तीत येतो, पण तो जिल्हाधिकाऱ्यांसारख्या मुलकी अधिकाऱ्यांच्या वतीने किंवा त्यांच्यासाठी. म्हणून पूर यायच्या आधीच जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षात जाऊन ओळख करून ठेवायची. आम्ही साताऱ्यात दर मे महिन्यात जातो. कोण कुठल्या गल्लीत, कुणाकडे कुठला संच, बॅटरी किती, ही यादी देऊन येतो. पहिल्या वर्षी तिथल्या साहेबांनी चहा पाजून पाठवलं. तिसऱ्या वर्षी त्यांनी स्वतः फोन करून यादी मागितली.

---

मिरज_ॲम्प्लिफायर | १६ जून, दुपारी १.२०

मिरजेत माझं दुरुस्तीचं दुकान आहे. स्पीकर, ॲम्प्लिफायर, आणि सतारमेकर मंडळींचे पिकअप. हॅम परवाना आहे. अँटेना आणि बॅटरीबद्दल मी सांगतो, कारण पुरात सगळं तिथेच अडतं.

हातातला हॅन्डी १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर चालतो. त्याची लहर सरळ रेषेत जाते. मध्ये घर आलं, टेकडी आली की अडली. सोबत येणारी रबराची बोटभर दांडी कामापुरतीच. तिच्या जागी अर्ध्या मीटरची दांडी लावा आणि गच्चीवर उभे राहा, फरक कानाला कळेल. सांगली शहरात गच्ची ते गच्ची छान चालतं. पण सांगलीहून साताऱ्याला हॅन्डीने बोलायचं म्हणाल तर विसरा. दंडोबाच्या डोंगरावर चढलात तर लांबवर पोचतो, पण पुरात डोंगरावर कोण जाणार?

त्याला उपाय ७ मेगाहर्ट्झ. तांब्याची तार घ्या, दोन भाग, प्रत्येकी १० मीटर. मध्ये केबल जोडा. हे झालं डायपोल. पुस्तकात लिहितात उंच बांधा. पुरासाठी उंच बांधू नका. गच्चीवर चार-पाच मीटरवरच बांधा. खाली बांधली की लहर आडवी न जाता सरळ वर जाते, आकाशातल्या आयन थरावर आपटते आणि छत्रीसारखी खाली पसरते. सांगली, सातारा, पुणे, मुंबई, सगळं त्या छत्रीखाली येतं. डोंगर मध्ये असला तरी काही बिघडत नाही, कारण लहर वरून उतरते. सकाळी आणि दिवसा हे उत्तम चालतं. रात्र चढली की जवळचे आवाज विरतात आणि हजार मैलांवरचे कानात बसतात, म्हणून आमचं बोलणं सकाळी.

तार कापताना हातभर जास्त ठेवा. अँटेना जुळली का ते दाखवणारा मीटर लावून बघत बघत थोडी थोडी छाटा. एकदा जास्त कापली की संपलं.

बॅटरी. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बंद बॅटरी, इन्व्हर्टरच्या दुकानात मिळते. छोटा ५-१० वॅटचा संच ऐकताना अर्धा अँपिअर खातो, बोलताना दोन-अडीच. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये. म्हणजे सहा-सात तास ऐकणं, बोलणं धरलं तर त्याहून कमी. पण पुरात कुणी सहा तास सलग ऐकत नाही. दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं संच लावायचा, निरोप घ्यायचा-द्यायचा, बंद करायचा. असं केलं तर तीन-चार दिवस निघतात. २०१९ ला माझी बॅटरी दुकानात खाली होती आणि दुकानात छातीएवढं पाणी. तेव्हापासून ती घरी दुसऱ्या मजल्यावर, देवघराच्या फळीवर असते.

---

मेणवली_घाट | १६ जून, रात्री ९.००

मी वाईची. डोंगरात कुणी अडकलं, हरवलं की शोधायला जाणाऱ्या गटात आहे. सगळ्यांना परीक्षा देणं जमत नाही, म्हणून आमचा अनुभव लिहिते.

४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी ताकदीचे हॅन्डी २०१८ पासून परवान्याशिवाय वापरता येतात. आम्ही तेच वापरतो. पांडवगडाच्या धारेवर एक जण आणि खाली दुसरा असेल तर आवाज समोर बसल्यासारखा येतो. तोच खालचा माणूस घळीत शिरला की गप्प. म्हणून आम्ही एकाला मुद्दाम धारेवर बसवून ठेवतो. त्याचं काम फक्त इकडचं तिकडे सांगणं. आठ तास वाऱ्यात बसून तेवढंच करायचं. तो माणूस नसेल तर आम्ही उतरत नाही.

पण घेताना बघून घ्या, ताई-दादांनो. ऑनलाइन "लायसन्स लागत नाही" असं लिहून जे स्वस्त चिनी हॅन्डी विकले जायचे, त्यातले बरेचसे या पट्ट्यापुरते नसतात. ते पोलिसांच्या पट्ट्यातही बोलू शकतात. चुकून बटण दाबलं गेलं तर खऱ्या बचावाच्या संदेशावर आपला आवाज चढतो. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. पट्टा कुठला ते स्पष्ट दिलेलं असलं पाहिजे आणि उपकरणाला मान्यता असली पाहिजे. आमच्या गटात एकाने पूर्वी असा हॅन्डी आणला होता. आम्ही तो वापरू दिला नाही. तो रुसला, पण गटात राहिला.

---

हरिपूर_संगम | १६ जून, रात्री ९.३५

गल्लीत गच्ची ते गच्ची बोलायला हे ४४६ वालं चालेल का ताई? आमच्याकडे आठ घरं आहेत संगमाच्या बाजूला. मोबाईल गेला की म्हाताऱ्यांना हाक मारूनच विचारावं लागतं.

---

मेणवली_घाट | १६ जून, रात्री ९.५०

चालेल, आठ घरांना पुरेल. दोन गोष्टी करा. एक चॅनेल ठरवून कागदावर लिहून प्रत्येक हॅन्डीला चिकटवा. आणि एकच माणूस नेमा, जो सगळ्यांची हजेरी घेईल. सगळे एकदम बोलले तर कुणाचंच ऐकू येत नाही.

---

कोर्टरोड | १७ जून, सकाळी ८.४०

परवाना येईपर्यंतही हात रिकामे नाहीत, एवढं जोडतो. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, तातडीला ११२. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं सचेत ॲप फोनमध्ये ठेवा. तासगावकरांना हवी असलेली वेळेवरची माहिती मागायची जागा प्रशासन आहे. धरणातला विसर्ग आणि आयर्विनची पातळी दर तासाला वॉर्डात फळ्यावर लिहा, असा अर्ज आम्ही आमच्या भागातून दिला आहे. कुणाला नमुना हवा असेल तर सांगा.

---

तासगाव_द्राक्षबाग | १७ जून, सकाळी ९.०२

साहेब, मला पाठवा. आमच्या पाहुण्यांच्या गावातून देतो.

---

जयसिंगपूर_पालक | १७ जून, दुपारी ३.१५

थोडं अवांतर. मुलगी सातवीत आहे, रेडिओचं वेड आहे. परीक्षेआधी कायदेशीरपणे काय ऐकवू?

---

अजिंक्यतारा | १७ जून, रात्री ८.३०

अवांतर मुळीच नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचे हॅम १४५.८०० मेगाहर्ट्झवर बोलतात, कधी कधी तिथून चित्रंही येतात. स्थानक आपल्यावरून जातं तेव्हा दहाएक मिनिटं मिळतात. येताना लहर थोडी चढी लागते, जाताना उतरते. गाडीचा हॉर्न जवळून जाताना बदलतो तसं. तिने कागदावर ते लिहून काढलं तर अर्धं शास्त्र तिथेच शिकून होईल. हवामानाची चित्रं देणारे जुने अमेरिकी नोआ उपग्रह २०२५ मध्ये निवृत्त झाले, पण रशियाचे मेटिऑर १३७.९ वर चित्रं देतात. आणि सकाळी ७ मेगाहर्ट्झवर आमचं बोलणं ऐकवा. साध्या रेडिओवर ते बदकासारखं येतं. एसएसबी, म्हणजे हॅम बोलायला वापरतात त्या पद्धतीची सोय असलेला घ्या आणि त्यात लोअर साइडबँड (एलएसबी) हा पर्याय लावा.

तिला १२ पूर्ण झाली की मला कळवा.

---

कृष्णाकाठ_सांगली | १ फेब्रुवारी, सकाळी ८.०५

धागा वर काढतोय.

पावसाळ्यात पाणी घरापर्यंत आलं नाही. हरिपूरकरांनी आठ घरांत हॅन्डी दिले, त्यांच्याकडे जाऊन बघून आलो. डिसेंबरमध्ये मुंबईला परीक्षा दिली, रिस्ट्रिक्टेड. पास झालो. पडताळणीला परवा पोलीस ठाण्यातून हवालदार घरी येऊन गेले. बाबांनी त्यांना २०१९ ची सगळी कथा सांगितली, इन्सुलिनसकट. ते चहा घेता घेता म्हणाले, "मी पण त्या वेळी बोटीवर होतो." कुठल्या बोटीवर ते बाबांनी तीनदा विचारलं. गल्ली त्यांना आठवत नव्हती.

परवाना अजून यायचाय, म्हणून बोलत नाही, फक्त ऐकतो. मिरजेच्या दादांनी स्वतः येऊन तार बांधली, दोन्ही बाजू दहा-दहा मीटर, पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत. आज सकाळी पहिल्यांदा अजिंक्यतारा दादांचा आवाज आला. आधी बदक, मग बटण थोडं फिरवलं आणि एकदम माणूस. आईला हाक मारली. ती पोळ्या सोडून आली, हाताला पीठ, आणि तशीच उभी राहिली.

दादा, तुमचा आवाज इथे पाच-सात येतोय. स्पष्टता पाच, जोर सात.

---

अजिंक्यतारा | १ फेब्रुवारी, सकाळी ८.२०

पाच-सात मिळाले, आभार. माझ्या खात्यात सांगलीच्या गावभागातून आलेला हा पहिला अहवाल. परवाना आला की उलट बाजूने ऐकू.

---

बिनतारी_१९८४ | १ फेब्रुवारी, सकाळी ९.१०

अभिनंदन. पण वेळ लिहिली नाहीस बाळा. वेळेशिवाय अहवाल अपुरा.

---

कृष्णाकाठ_सांगली | १ फेब्रुवारी, सकाळी ९.१४

चुकलो काका. सात-चार-दोन. ७.४२, सकाळ.